कोपरातला कापूस

११ फेब्रुवारी

सौ. ताईस,

शि. सा. न. साष्टांग खरोखरच घातलाय असं समज, कारण पत्र लिहायला पालथा पडलोय. आमच्या पत्र्याच्या खोलीत टेबल नाही.

आधी कबूल करून टाकतो. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मिळून पाच आठवडे झाले, दुसरं मिळून तीन. रोज लिहीन म्हणतो आणि रोज काहीतरी निघतं. एकदा शाई संपली, एकदा मुकादमाने पेन नेलं, एकदा पुलाखाली एक अख्खं झाड वाहत आलं आणि खांबाला अडकलं, ते सोडवण्यात दुपार गेली. पण खरं सांगू, शाई होती.

पुलाचं काम तुला सांगायचंच राहिलं. पाच जण आहोत. आधी लोखंड खरवडायचं, मग शेंदरी अस्तर, मग राखाडी रंगाचे दोन हात. मुकादम म्हणतो, गंज वरून दिसला तर घाबरायचं नाही, तो घासता येतो. रंगाच्या आतून खातो तो खरा. वरून पूल नवाकोरा दिसतो. म्हणून तो हातोडीने ठोकत जातो आणि कान लावून ऐकतो. मलाही शिकवतोय. चांगल्या लोखंडाचा आवाज लांब जातो, खाल्लेल्याचा तिथेच बसतो. हे मला शाळेतल्या कुठल्याच तासाला इतकं पटकन कळलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दाढीचा कार्यक्रम असतो. खिळ्याला एक आरसा, एक वस्तरा, एक फडकं, आणि आम्ही पाचही रांगेत. मुकादम पहिला, मी दुसरा, माझ्यामागे पैलवान. पैलवान म्हणजे नुसती काठी, फुंकर मारली तर नदीत पडेल. तो आठवडाभर अंथरुणात आहे. जेवणाचा वास आला की मळमळतं त्याला. आम्ही त्याला चिडवतो की बाबा, तुलाही दिवस गेले की काय, माझ्या ताईला पाचवा आहे, तुझा कितवा?

तर. भाऊजींचं रक्त खराब निघालं आणि गोदीत मिळणारी नोकरी हातची गेली, असं लिहिलंस. त्या कागदावर काय लिहिलंय ते शब्दन्‌शब्द उतरवून पाठव. आणि माझं पुढचं पत्र येईपर्यंत त्यांना काही बोलू नकोस. का ते आत्ता विचारू नकोस. सासूबाईंनी त्यांना वेगळा पेला काढलाय म्हणतेस, तो परत आत ठेव.

कळावे, म्हणजे मला. तू कळव. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायला सांगायचं तोंड नाही.

तुझा,
भिंगरी
(पायाची अजून सुटलेली नाही)


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले अर्धे पाच आठवड्यांबद्दल कापून घेतले आहेत.

शाई होती हे मला पाकीट उघडायच्या आधीच माहीत होतं. लहानपणी काच फोडलीस की तू असाच पाहुण्यासारखा शहाणा वागायचास. या वेळी काय फोडलंयस देव जाणे.

कागद समोर ठेवून लिहिते आहे. हेपॅटायटिस बी, सरफेस अँटिजेन, आणि त्यापुढे रिअ‍ॅक्टिव्ह. खाली तुझ्या भाऊजींचं नाव, वय, टोकन चौदा. लॅबमधल्या बाईंनी समजावलं की पहिली ओळ रिअ‍ॅक्टिव्ह किंवा पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू आत्ता रक्तात आहे. पॉझिटिव्ह म्हटल्यावर सासूबाईंना आधी बरंच वाटलं होतं.

मग माझंही रक्त घेतलं, पोटात बाळ म्हणून तातडीने. माझ्या दोन ओळी आल्या, दोन्ही निगेटिव्ह. सासूबाई म्हणाल्या, दोनदा नाही म्हणजे दुप्पट चांगलं. तसं नाही रे. पहिली नाही म्हणजे विषाणू नाही, हे चांगलं. दुसरी ओळ अँटिबॉडीची, म्हणजे अंगात त्याच्याविरुद्ध ढाल आहे का ते सांगणारी. ती नाही म्हणजे मी उघडी आहे. तीन इंजेक्शनं घ्यायची, पहिलं झालं. दुसरं महिन्याने, तिसरं सहा महिन्यांनी. बाळाला जन्मल्या जन्मल्या देतील.

बाई स्पष्ट म्हणाल्या की हे ताटातून, पेल्यातून, शिंकेतून, हात धरल्याने पसरत नाही. मी घरी येऊन तेच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, तुझी लॅबवाली आपल्याकडे जेवायला येणार आहे का? पेला बाहेरच आहे. तुझे भाऊजी मागच्या दाराशी बसून जेवतात आणि ताट स्वतः धुऊन पालथं ठेवतात.

मग पसरतं कशाने, ते मी विचारलं. रक्ताने, सुईने, वस्तऱ्याने, आईकडून बाळाला जन्मताना, आणि नवराबायकोच्या संबंधाने. हे शेवटचं ऐकून बाहेर बाकावर बसलेल्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं. आता मी काजं करून कपडे पोचवायला जाते तिथेही शिवणाऱ्या बायका गप्प होतात.

तुझ्यापासून काय लपवायचं. मी त्यांना विचारलं, तुम्ही कुठे गेला होतात का. कुठे म्हणजे कुठे ते त्यांना कळलं. खाली मान घालून एवढंच म्हणाले की थोडे दिवस थांब. कशासाठी थांबू? दोनदा लॅबच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले, असं शेजारणीने पाहिलं. ज्याच्या मनात काही नाही तो दारातून का पळेल? आणि परवा काय विचारावं, तर भिंगरीला थंडीचे कपडे आहेत का, तो जेवतो का नीट! घरात एवढं पेटलंय आणि यांना तुझ्या स्वेटरची चिंता.

ऑगस्टमधली ती दुपार आठवते. गोदीच्या नव्या नोकरीची तपासणी करून दोघं आलात; कागद यायला मात्र वर्ष संपत आलं. तुझे भाऊजी कोपर दुमडून, छातीशी धरून, चेहरा असा की लढाईवरून आलेत. मी कौतुकाने चहा दिला, सुईला न घाबरल्याबद्दल. तू दारात उभा राहून हसत होतास. तेव्हा वाटलं होतं, आता चांगले दिवस आले.

तू बोलू नकोस म्हणालास म्हणून गप्प आहे. पण महिनाअखेरपर्यंतच. तोवर त्यांनी तोंड उघडलं नाही तर मी त्यांना घर सोडायला सांगणार आहे. पोटातल्या जिवाचा विचार मलाच करायचा आहे.

पत्राची वाट पाहते. या वेळी झाडं वाहू देऊ नकोस.

तुझी,
ताई


१ मार्च

सौ. ताईस,

नमस्कार. आज पालथा नाही, बसून लिहितोय. हे पत्र नीट बसूनच लिहायला हवं. तूही बसून वाच.

ते रक्त माझं आहे.

आता क्रमाने सांगतो, मला क्रम जमत नाही तरी. लॅबमध्ये रांग होती, भाऊजींच्या हातात चौदा नंबरचं टोकन. अकरावा माणूस आत गेला तसे ते पांढरे पडले. तुला माहीतच आहे, कारखान्यात लेथवर लाल झालेला लोखंडाचा कीस उडतो तो हा माणूस डोळ्याची पापणी न हलवता बाजूला करतो, आणि सुई दिसली की दार शोधतो. तेराव्याला ते म्हणाले की राहू दे ती नोकरी. मी म्हटलं, द्या इकडे टोकन, तुमचं काय माझं काय, लालच असतं. आत गेलो. बाईंनी मान वर केली नाही, नंबर विचारला, बाह्या वर म्हणाल्या. कापूस लावून सांगितलं, कोपर दुमडून घट्ट धर.

बाहेर आल्यावर भाऊजींनी माझ्याकडून अर्धा कापूस घेतला आणि स्वतःच्या कोपरात धरला, तुला खरं वाटावं म्हणून. घरापर्यंत दोघं हसत आलो. तू चहा दिलास तो त्यांना. मला नुसतं बघायला मिळालं.

म्हणजे कागद आला त्या दिवसापासून त्यांना माहीत आहे की हे कुणाचं. आणि ते मागच्या दाराशी बसून जेवतायत. का बोलले नाहीत ते मला खरंच कळत नाही. मी का बोललो नाही ते कळतं. तुझं पत्र आलं तेव्हा मी पुलावर होतो. वाचलं आणि खिशात ठेवलं आणि दिवसभर खरवडत बसलो, जिथे गंज नव्हता तिथेही. मला वाटलं, लिहिलं नाही तर ते खरं होणार नाही.

तुला एक विचारायचंय. आई गेली तेव्हा तिचं पोट फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते, एवढं मला आठवतं. तुझ्यानंतर आणि माझ्याआधी तिचं एक मूल गेलं आणि तेव्हा तिला रक्त चढवलं होतं, असं तू कधीतरी म्हणाली होतीस. ते खरं का? नीट आठवून सांग.

आणि वस्तरा. तू वस्तऱ्याने असं लिहिलंस तेव्हा मी तो शब्द बोटाने झाकला. मागच्या सुट्टीला मी रांगेत शेवटी उभा राहिलो. कुणी का विचारलं नाही. या सुट्टीला म्हणालो, दाढी वाढवतोय. सगळे हसले. पैलवान हसला नाही, त्याला बसवत नाही. त्याचे डोळे पिवळे झालेत, ताई. बाकीचे म्हणतात उन्हाने, पित्ताने. मी त्याला पाणी देतो आणि त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

उद्या दवाखान्यात जातोय. उद्या म्हणजे उद्या.

भाऊजींना सगळं वाचून दाखव, मोठ्याने, सासूबाईंसमोर. लोभ काय करायचा तो तू ठरव.

भिंगरी


९ मार्च

भिंगरी,

चिरंजीव लिहायला हात वळत नाही. पण लिहिलं नाही म्हणून ते काढून घेतलं असं समजू नकोस. आज तर मुळीच नाही.

तुझं पत्र काल आलं. हे चार तारखेला गेले.

एक तारखेपर्यंत मी थांबले. आणखी दोन दिवस थांबले, मग बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. तुझं पत्र वाचल्यापासून त्यातला एकेक शब्द माझ्याच कानात वाजतोय. ते ऐकून घेत होते. मधे एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं. सकाळी उठून आपलं ताट धुतलं, पालथं ठेवलं, पिशवी घेतली आणि गेले. कारखान्यात दहा दिवसांची रजा टाकलीय. कुठे जातो ते कुणाला सांगितलेलं नाही. नदी आहे, रेल्वेचे रूळ आहेत, गोदी आहे. डोकं कुठे कुठे जातं ते विचारू नकोस.

सासूबाईंना वाचून दाखवलं, मोठ्याने. त्या उठल्या, तो बाहेरचा पेला आत आणला आणि ठेवायला जागाच सापडेना. अजून ओट्यावरच आहे.

एक गंमत वाटावी अशी गोष्ट: तुझ्या फेब्रुवारीच्या पत्राचं पाकीट सापडत नाही. पत्ता मी वहीतून उतरवला. तुझ्या पत्रांच्या बाबतीत घरात आजवर एवढी चोरी कधी झाली नव्हती.

आईचं विचारलंस. खरं आहे ते. मी चार वर्षांची होते. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, मला दाराच्या फटीतून दिसत होत्या. तू त्यानंतर दीड वर्षाने झालास. आईने तुला काय दिलं असेल ते तिलाही ठाऊक नव्हतं, एवढं लक्षात ठेव. तिच्यावर रागावू नकोस, आणि स्वतःवरही त्या बाबतीत नको.

पण दुसऱ्या बाबतीत मी तुला सोडणार नाही. आज सकाळी मी लॅबमध्ये जाऊन विचारून आले. हा विषाणू बाहेर, सुकलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहतो. डाग डोळ्यांना दिसायलाच हवा असंही नाही. सात दिवस, भिंगरी. तुमची सुट्टी किती दिवसांनी येते?

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू शिडीवर असशील तर खाली उतर. मुकादमाला सांग, सगळ्यांना सांग, पैलवानाला सगळ्यात आधी सांग. लाज वाटेल, मारतीलही कदाचित. तू गप्प बसलास म्हणून माझ्या घराचं काय झालं ते बघतोयस ना? तिथेही तेच करू नकोस.

तुझ्या भाऊजींची काही खबर लागली तर मिळेल त्या वाटेने कळव. मी दार लावत नाही.

तुझी,
ताई


१७ मार्च

सौ. ताईस,

शि. सा. न.

भाऊजी गेल्याचं वाचलं आणि मुकादमाकडे रजा मागितली, शोधायला निघतो म्हणून. तो म्हणाला, शोधणार कुठे, ते तर सांग. मग त्याला बाकीचं सगळं सांगितलं.

आता तुला नीट कळवतो. उद्या म्हणालो होतो त्याचे पाच दिवस झाले, पण दवाखान्यात गेलो, तुझं पत्र यायच्या आधीच. तेवढं एक माझ्या बाजूने धर. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यापेक्षा जास्त ओळींचा कागद दिला. पहिली ओळ रिअ‍ॅक्टिव्ह, ऑगस्टसारखीच. सहा महिने उलटूनही ती तशीच राहिली म्हणजे विषाणूने बिऱ्हाड थाटलंय, असं त्या म्हणाल्या. ढालीची ओळ निगेटिव्ह. मग एक कोअर नावाची ओळ, ती पॉझिटिव्ह, म्हणजे तो अंगात शिरला होता. आणि त्याच कोअरची दुसरी ओळ, नव्या लागणीची, ती निगेटिव्ह. म्हणजे नवा नाही, जुना. किती जुना, मी विचारलं. त्यांनी आईबद्दल विचारलं. तू लिहिशील ते तेव्हा माहीत नव्हतं, पण जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. बहुतेक जन्मापासून, त्या म्हणाल्या. पुरावा नाही, पण बहुतेक. तान्ह्या बाळाच्या अंगात शिरला तर तो सहसा जात नाही.

तेवीस वर्षं, ताई. मी गावंच्या गावं बदलली, तो बरोबर होता.

यकृत अजून धड आहे. लगेच गोळ्या नाहीत. दर सहा महिन्यांनी रक्त आणि पोटाची सोनोग्राफी, दारूला हात लावायचा नाही, आणि एका ठिकाणी पत्ता ठेवायचा. हे शेवटचं त्या दोनदा म्हणाल्या. माझे बूट बघून म्हणाल्या असाव्यात.

तुझं पत्र बारा तारखेला, शिडीवरच मिळालं. उतरलो. जेवायला सगळे जमले होते तिथे उभं राहून सांगितलं. कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं होतं. मुकादम उठला, वस्तरा आणि फडकं रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकलं, झाकण हातोडीने ठोकून बसवलं. त्या ठोकण्याचा आवाज तिथेच बसला. एकाने माझं अंथरूण बाहेर नेऊन ठेवलं. मी म्हटलं अंथरुणाने होत नाही. तो म्हणाला, वस्तऱ्याने होतं हे तुला कधीपासून माहीत आहे? मला तारीख सांगता आली असती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं रक्त घेतलं. मुकादमाच्या आणि दुसऱ्या दोघांच्या दोन्ही ओळी निगेटिव्ह. लगेच पहिलं इंजेक्शन दिलं आणि पुन्हा तपासणार म्हणाले, कारण नुकतंच शिरलं असेल तर कागदावर यायला वेळ लागतो. पैलवानाची पहिली ओळ रिअ‍ॅक्टिव्ह. आणि कोअरची ती नव्या लागणीची ओळ, माझी निगेटिव्ह होती ती, त्याची पॉझिटिव्ह. म्हणजे हल्लीचं. या काही महिन्यांतलं.

त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात ठेवलंय. मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा हा विषाणू आपणहून हुसकून लावतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बहुतेक वेळा. काही वेळा यकृतच बसतं. त्याचा अजून अंदाज येत नाहीये. काल भेटायला गेलो होतो. तो हळदीसारखा पिवळा झालाय. त्याने मला एकच विचारलं, दाढीच्या रांगेत त्याच्याआधी कोण असायचं. त्याला ते तोंडपाठ आहे. तरी विचारलं. मी म्हणालो, मी. त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी तिथेच बसून राहिलो. परिचारिका येऊन म्हणाली, वेळ संपली, तेव्हा पैलवान न वळता म्हणाला की उद्या येताना आरसा आण, डोळे किती पिवळे झालेत ते बघायचंय.

आरसा काढून ठेवलाय खिळ्यावरून. निघायचंच होतं. तेवढ्यात

थांब. मुकादम खालून हाका मारतोय. पुलाच्या तोंडाशी कुणीतरी आलंय म्हणतो, पिशवी घेऊन. पैलवानाचं माणूस असेल. मला विचारायला आलं असेल. जाऊन येतो.

ताई, पैलवानाचं माणूस नाही.

लांबून ओळखलं नाही, कारण दाढी वाढलीय. मग चाल ओळखली, आणि मग हात. डावं कोपर दुमडलेलं, छातीशी घट्ट धरलेलं. मला वाटलं पडले कुठे. जवळ गेलो तर कोपरात कापूस. काळा पडलाय, कडा सुटल्यात. दहा तारखेला वाटेतल्या कुठल्यातरी लॅबमध्ये सुई टोचून घेतली म्हणाले. कागद हातात पडल्यावरच इकडे निघाले. पत्ता त्या पाकिटावरचा.

इतके दिवस गप्प का राहिलात, हेच मी आधी विचारलं. म्हणाले की आपलं स्वतःचं रक्त तपासल्याशिवाय पोराला घाबरवायचं नव्हतं, आणि तुला सांगितलं असतं तर तू मला लगेच लिहिलं असतंस. दोनदा दारातून पळाले, तिसऱ्यांदा जमलं. आणि ही बातमी टपालाने कळवायची नसते, वाचताना शेजारी माणूस लागतं, म्हणून स्वतः आले. तू बोललीस त्याबद्दल मी विचारलं, तर म्हणाले बरोबरच बोलली, तिला काय माहीत.

त्यांचा कागद वाचला. पहिली ओळ निगेटिव्ह. दुसरीही निगेटिव्ह. म्हणजे ढाल नाही. म्हणजे त्यांनाही तीन सुया. हे सांगितलं तेव्हा खाली बसले.

आत्ता माझ्या अंथरुणावर बसलेत, माझ्याच पेल्याने पाणी पितायत. बाकीचे तिघं दारात उभे राहून बघतायत. कोपर सोडा म्हणतोय मी, सात दिवस झाले, तर म्हणतात तूच म्हणाला होतास ना, घट्ट धरायचं.

भाऊजी आलेत, ताई. आरसा घेऊन इस्पितळात आम्ही दोघं जातोय.

भिंगरी